गाडी बसली म्हणजे काय झाले?

मराठीत ‘बसणे’ या क्रियापदाइतके राबणारे क्रियापद दुसरे क्वचितच सापडेल. माणूस पाटावर बसतो, कापडावर घडी बसते, गवयाचा आवाज बसतो, पावसात मातीची भिंत बसते, व्यापाऱ्याचा धंदा बसतो, आणि शब्दाशेजारी शब्द नीट आला की कवितेची ओळ बसते. कॉलेजात वाक्प्रचार शिकवताना ही यादी मी गेली वीस वर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस तिच्यात एका ओळीची भर पडली. वेरूळहून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला, “ताई, गाडी बसली.”

गाडी बंद पडली असा याचा अर्थ नव्हे. ती ठणठणीत चालत होती. मात्र रिकामी उभी असली की समोरून पाहणाऱ्याला तिचा उजवा खांदा खाली गेलेला दिसे. वर्षानुवर्षे एकाच खांद्यावर ओझे वाहणारा माणूस रिकाम्या हातानेही झुकूनच चालतो, तशी. गॅरेजच्या भाषेत या दुखण्याला ‘स्प्रिंग बसली’ म्हणतात.

वेरूळ म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे कैलास लेणे आणि घृष्णेश्वराचे देऊळ येते, आणि ते योग्यच आहे. पण लेणी पाहून परतणाऱ्या मोटारींच्या गर्दीतून पहाटे उलट्या वेळेला काही वेगळ्या गाड्याही जातात. आले, मका, भाजीपाला आणि दिवाळीच्या आगेमागे सीताफळांची क्रेट भरून त्या खुलताबादचा चढ चढतात, दौलताबादचा घाट उतरतात आणि उजाडायच्या आत छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडी मार्केटात पोहोचतात. भावाची पिकअप त्यांतलीच. स्वतःच्या शेतातला माल थोडा, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा भाड्याने जास्त. सात वर्षांची गाडी, बँकेचे पाच हप्ते शिल्लक, आणि सीताफळाचा हंगाम तोंडावर. सीताफळ हे असे फळ की आज झाडावरून उतरले की त्याला उद्या दम नसतो. गाडी आठ दिवस उभी राहिली तर हंगामातले आठ दिवस गेले.

बरे, गाडीला झाले काय, याबद्दल तीन मते त्याने आधीच गोळा केली होती. एका दुकानदाराने सांगितले की, शॉकॉप्सर गेले. (शॉक अ‍ॅब्सॉर्बर या लांबलचक नावाचे आमच्याकडे सर्रास एवढेच उरले आहे.) त्याप्रमाणे पुढची जोडी बदलूनही झाली, साडेपाच हजार गेले, आणि गाडी होती तशीच झुकलेली. चहाच्या टपरीवर दुसरे मत मिळाले की, मागे फार भरतोस, त्याने पुढची स्प्रिंग बसली. तिसऱ्या एका जाणत्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि जाहीर केले की चासी वाकली आहे. आता ती विकून टाकावी आणि गिऱ्हाईकाला सांगू नये. या तिसऱ्या मताने त्याची झोप उडाली होती.

रविवारी मी वेरूळला गेले. मोटारीतले मला काय कळणार, असे कोणी म्हणेल. पण तीन जण तीन अर्थ सांगत असले की मूळ संहितेकडे जावे, हे तर आमच्या विषयाचेच वळण आहे. शिवाय खुलताबादच्या वाटेवर कडुनिंबाखाली गॅरेज चालवणारे एक उस्ताद आहेत. वय सत्तरीचे, हात जीपगाड्यांवर बसलेला. (पाहा, पुन्हा ‘बसणे’!) १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तिला चारही चाकांवर पाटे असत, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, बैलगाडीच्या नव्हे पण टांग्याच्या कमानीच्या जातीच्या. उस्तादांची सारी उमेदवारी त्या पाट्यांवर झालेली. गुंडाळीची स्प्रिंग त्यांच्याकडे मागाहून आली, पण तिचीही त्यांना चांगली ओळख आहे.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. सगळ्याच पिकअपना पुढे गुंडाळीची स्प्रिंग नसते. आपल्या रस्त्यांवरच्या कित्येक पिकअप पुढेमागे पाट्यांवरच चालतात. भावाच्या गाडीला पुढे गुंडाळी आणि मागे पाटे आहेत. अमेरिकेत १९३४ साली मोठ्या कंपन्यांनी पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र हालचाल द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून मोटारींच्या पुढच्या अंगाला गुंडाळी रुळत गेली. एक चाक खड्ड्यात गेले तर दुसऱ्याला त्याची खबर लागत नाही, हा तिचा फायदा. तेव्हा कोणी ‘स्प्रिंग बसली’ म्हणाले तर आधी वाकून कोणती स्प्रिंग ते पाहावे. आपल्या घरच्या मोटारीला पुढे बहुधा गुंडाळीच असते.

मला वाटले होते की उस्ताद लगेच गाडीखाली शिरतील. ते शिरले नाहीत. “मॅडम, पैले हवा देखो,” म्हणाले. चारही चाकांची हवा तपासली. पुढच्या उजव्या चाकात डावीपेक्षा आठ पौंड कमी निघाली. ती सारखी केल्यावर झुकाव थोडा कमी झाला, गेला नाही. मग चारही टायर एकाच मापाचे आहेत ना, हे बाजूवरचे आकडे वाचून पाहिले. मग हौद्यात ताडपत्रीखाली काय काय आहे ते बाहेर काढायला लावले. दोन पोती, दोरखंड, जॅक, लोखंडी पहार, सगळे उजव्या कोपऱ्यात! भावाचे तोंड पाहण्यासारखे झाले. तेवढे काढूनही गाडी झुकलेलीच होती, पण आता निदान जे दिसत होते ते गाडीचे होते, पोत्यांचे नव्हते.

गॅरेजची जमीन उताराची. म्हणून गाडी जवळच्या सपाट काँक्रीटच्या फरशीवर नेली. तिथे उस्तादांनी तिचे नाक दोन्ही हातांनी तीन-चार वेळा दाबून सोडले, मागचेही दाबले, आणि तिला चार फूट पुढेमागे ढकलली. याचे कारण मी विचारले. जॅकवरून उतरवलेली किंवा वळवून उभी केलेली गाडी टायरच्या घर्षणाने थोडी अडकून राहते, आपल्या खऱ्या उंचीला येत नाही. ती अशी ‘मोकळी’ करून घ्यावी लागते.

आता मोजमाप. उस्तादांची लोखंडी टेप पहिल्या दोन इंचांशी तुटलेली. मग घरून आईची शिवणाची टेप आणली. माप घ्यायचे ते चाकाच्या मध्यापासून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून नाही. जमिनीपासून मोजले तर त्यात टायरची झीज आणि हवा हेही मिसळतात; चाकाच्या मध्यापासून मोजले म्हणजे फक्त स्प्रिंगचे बोलणे ऐकू येते. डावीकडे ५०.५ सेंटीमीटर भरले, उजवीकडे ४८.५. दोन सेंटीमीटरचा फरक. एवढा-तेवढा, म्हणजे एक सेंटीमीटरच्या आसपास फरक असला तर उस्ताद त्याची दखल घेत नाहीत. हा त्याहून जास्त होता.

पण दोन बाजूंची एकमेकींशी तुलना करून अर्धेच उत्तर मिळते. दोन्ही म्हाताऱ्या असतील तर? मूळ उंची कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तकात दिलेली असते. ते आमच्याजवळ नव्हते. मात्र गावात त्याच जातीची, त्याच वर्गातली दोन वर्षांची एक गाडी होती. मालक ओळखीचा. तिला मोजले तर दोन्हीकडे ५२. म्हणजे उजवी स्प्रिंग साडेतीन सेंटीमीटर खाली आली होती, आणि जी सगळ्यांना निरोगी वाटत होती ती डावीही दीड सेंटीमीटर खाली होती. पाठभेद तपासताना दोन्ही पोथ्या एकाच सदोष पोथीवरून उतरलेल्या निघाव्यात, तसा हा प्रकार.

यानंतरची युक्ती मला सगळ्यांत आवडली. चौपाई डगमगते तेव्हा दोष कोणत्या पायात आहे, हे पाहून कळत नाही. समोरासमोरच्या तिरप्या कोपऱ्यांतला कोणताही आखूड असला तरी डगमगणे सारखेच. गाडीचेही तसेच. पुढचा उजवा कोपरा खाली दिसतो, पण कदाचित मागचा डावा पाटा फुगलेला किंवा मागचाच उजवा पाटा बसलेला असेल, आणि त्याने सारी गाडी कलली असेल. उस्तादांनी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगडाच्या उटी लावल्या. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, आणि मागची चाके तर आता उचलायची, तेव्हा त्याचा भरवसा नाही. मग मागच्या आसाच्या बरोबर मधोमध, डिफरन्शियलच्या गोळ्याखाली जॅक लावून मागची दोन्ही चाके जमिनीपासून जेमतेम सुटतील इतकी गाडी उचलली. आता मागचा सगळा भार एका बिंदूवर. मागचे पाटे कसेही असोत, गाडीला डावीउजवीकडे कलवण्याची त्यांची सत्ता संपली. पुढचा भाग आता सरळ झाला असता तर गुन्हेगार मागे होता. तो सरळ झाला नाही. उजवा खांदा खालीच राहिला.

चासीचा प्रश्न दहा मिनिटांत मिटला. मडगार्ड हा पत्रा. तो केबिनबरोबर असतो, आणि केबिन रबरी गाद्यांवर ठेवलेली असते. त्या गाद्या दबल्या किंवा कधी ठोकर लागून पत्रा वाकला तर टेप खोटे बोलेल. म्हणून चासीच्या पोलादी कण्यापासून खालच्या आर्मच्या बोल्टपर्यंत दोन्हीकडे मोजले. तिथेही उजवीकडे जागा कमी. मग चासीवरच्या ठरावीक छिद्रांमधले तिरपे अंतर दोन्ही कर्णांनी मोजले, ते सारखे. चासी सरळ होती. भाऊ तिथेच फरशीवर मट्कन बसला, आणि यावेळी ते क्रियापद त्याच्या पहिल्याच अर्थाने वापरलेले आहे.

मग उस्ताद खाली गेले आणि मलाही वाकून पाहायला सांगितले. चाक फार वर उसळले तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून तिथे रबराचा एक ठोकळा असतो. डावीकडचा ठोकळा मळकट, पण अखंड. उजवीकडचा चेपलेला, फाटलेला आणि मध्यभागी घासून चकचकीत झालेला. म्हणजे ते चाक प्रत्येक गतिरोधकावर त्या ठोकळ्याला जाऊन भिडत होते. गुंडाळीच्या खालच्या दोन वेढ्यांवरही रंग उडून चमक आलेली होती. वेढे एकमेकांवर आपटल्याची ती खूण. आणि पुढच्या उजव्या टायरच्या आतल्या कडेवरून तळहात फिरवला तर नक्षी जवळजवळ गेलेली. या बांधणीत गाडी खाली आली की चाकाचा माथा किंचित आत कलतो आणि आतली कड रस्ता खात राहते. भावाने वर्षात दोनदा अलाइनमेंट करून घेतली होती. बसलेल्या स्प्रिंगवर केलेली अलाइनमेंट म्हणजे कललेल्या भिंतीवर सरळ टांगलेली तसबीर.

राहिले शॉकॉप्सर. उस्तादांनी नाक दाबून सोडले. गाडी एकदा वर आली, किंचित खाली गेली आणि थांबली. शॉकॉप्सर उत्तम होते, नवेच तर होते. त्यांचा या झुकण्याशी संबंधच नव्हता, आणि हाच मुद्दा दुकानात दरवेळी गाळला जातो. घरातला झोपाळा डोळ्यांपुढे आणा. तो कड्यांवर टांगलेला असतो, आणि झोके घेणारा जमिनीला पाय लावून तो थांबवतो. पाय दमला तर झोपाळा थांबायला वेळ लागेल. पण पाय दमला म्हणून झोपाळा खाली येणार नाही. खाली येईल तो कडी ताणली गेली तरच. स्प्रिंग ही कडी आणि शॉकॉप्सर हा पाय. गाडी उसळत राहत असेल तर शॉकॉप्सर पाहावा. उभ्या उभ्या खाली गेली असेल तर स्प्रिंग. (वायू भरलेला शॉकॉप्सर थोडासा उचल देतो, पण ती भाजीतल्या हिंगाएवढी.)

स्प्रिंग ‘बसते’ म्हणजे नेमके काय होते, हे मी नंतर आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांकडून समजून घेतले. गुंडाळी दाबली की तिची तार वाकत असेल असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे ती पिळली जाते, ओला टॉवेल पिळावा तशी. भार काढला की पीळ उलगडतो. भार आणि दाब यांचे प्रमाण ठरलेले असते, हा नियम इंग्लंडात रॉबर्ट हूकने शोधला. १६७६ साली त्याने तो अक्षरांची उलटापालट करून कोड्यात छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला. आपल्याकडे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत झाकून ठेवले होते, त्यांची मला हटकून आठवण झाली. फरक इतकाच की हूकला धर्मग्रंथ जपायचा नव्हता, शोधावरचा हक्क जपायचा होता.

आता गंमत अशी की म्हाताऱ्या स्प्रिंगचा कडकपणा बहुतेक कायम असतो. पोलादाचा तो गुण वयाने विशेष घटत नाही. घटते ती तिची मोकळी उंची. हजारो वेळा फार जोराने पिळली गेल्यावर तार दरवेळी अगदी पूर्ववत होत नाही. केसभर पीळ आत राहून जातो, आणि सात वर्षांच्या केसांची मिळून एक वेणी होते. स्प्रिंग तेवढीच कडक, पण आखूड. म्हणून ‘गाडी मऊ झाली’ असे कोणाला वाटत नाही. उलट ती कडक लागते, कारण खाली यायला जागाच उरलेली नसते आणि चाक रबरी ठोकळ्यावर आदळते. तो दणका अंगाला बसला की माणूस म्हणतो, शॉकॉप्सर गेले! दुकानदाराचा तरी काय दोष?

गंजाचे प्रकरण निराळे. तारेच्या जाडीचा प्रभाव फार मोठा असतो, चौथ्या घाताने चालतो. गंजून तार ५ टक्क्यांनी बारीक झाली तर कडकपणा सुमारे १९ टक्क्यांनी उतरतो. खालच्या वेढ्यापाशी, जिथे चिखल साचतो आणि रंग घासला जातो, तिथे गंजाचा खड्डा पडून त्यातूनच तडा जातो. अशी तुटलेली स्प्रिंग पुष्कळदा चिखलात दडून राहते. गतिरोधकावर ‘टिंग’ असा आवाज येतो एवढेच. काही गाड्यांच्या रचनेत तुटलेले टोक टायरपर्यंत पोहोचते. घाटात ते पोहोचू नये.

कैलास लेण्याच्या जोत्याभोवती हत्तींची रांग आहे. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण याच्या काळात खोदलेले हे हत्ती सारे देऊळ पाठीवर घेऊन उभे आहेत असे वाटते, आणि बाराशे वर्षांत एकही बसलेला नाही. हे मी उस्तादांना म्हटले. ते लहानपणापासून लेण्यांत जात आलेले. म्हणाले, “मॅडम, उनका क्या, हत्ती भी वोईच पत्थर, मंदिर भी वोईच पत्थर. वजन है किधर?” एकसंध खडकातल्या शिल्पाबद्दल इतके नेमके मी कुठे वाचलेले नाही.

टपरीवरच्या मताचाही निकाल लावायला हवा, कारण ते सर्वत्र ऐकू येते. मागे जास्त भरल्याने पुढची स्प्रिंग बसते, हे ऐकायला पटते, पण पिकअपचा हौदा बहुतांशी मागच्या आसावर असतो. तिथला माल मागचे पाटे दाबतो. आणि माल मागच्या आसाच्याही मागे गेला तर पुढचे नाक उलट उचलले जाते, सी-सॉसारखे. म्हणूनच भावाची गाडी भरलेली असताना सरळ दिसे आणि रिकामी झाली की झुके; त्यामुळे त्याला वर्षभर काही कळलेच नव्हते. पुढच्या स्प्रिंगवर रात्रंदिवस असतो तो इंजिनाचा भार. त्यात त्याने घातलेली भर उस्तादांनी बोटाने दाखवली: समोर बसवलेला जाड पाइपांचा लोखंडी गार्ड, केबिनवरचे कॅरियर, त्यावर जादा चाक. आणि आत चालकाची बाजू तर कायमचीच भरलेली, गाडी भरलेली असो वा रिकामी. गार्डबद्दल तर २०१७ च्या डिसेंबरात केंद्राच्या परिवहन खात्याने राज्यांना कळवले होते की मोटारींना असे गार्ड लावणे मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाला धरून नाही. भावाने तो गार्ड त्याच दिवशी उतरवला. शोभा गेली म्हणून थोडा हिरमुसला.

उपाय काय? नव्या स्प्रिंगांच्या मानाने फार स्वस्त असे दोन उपाय लोक करतात. एक म्हणजे वेढ्यांमध्ये रबराचे ठोकळे कोंबणे. गाडी वर येते, पण जे वेढे जखडले गेले त्यांचा भाग उरलेल्या वेढ्यांना करावा लागतो, आणि तार तिथे लवकर शिणते. दुसरा प्रकार याहून वाईट: जुनी स्प्रिंग भट्टीत लाल करून ओढून लांब करणे. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात मोजून-मापून पाणी दिलेले असते. भट्टीत ते जाते. पहिल्या दिवशी गाडी ऐटीत उभी राहते आणि पुढच्या महिन्यात पहिल्यापेक्षा खाली येते. उस्तादांना हे करायला सांगणारे गिऱ्हाईक महिन्याला एक तरी येते. “नक्को,” एवढेच ते म्हणतात.

नव्या स्प्रिंगा जोडीनेच घालाव्यात. एकच नवी घातली तर झुकाव फक्त बाजू बदलतो. आणि हे काम घरच्या अंगणात कोणी करू नये, असे मला सगळ्या वाचकांना, विशेषतः हौशी चिरंजिवांना सांगायचे आहे. समजा ८०० किलोच्या भाराने एखादी स्प्रिंग १० सेंटीमीटर दबली आहे. तिच्यात दडलेली शक्ती ४० किलोचे पोते एक मीटरवरून कोसळावे इतकी असते, आणि स्प्रिंग सुटली तर ती कुठल्या दिशेला जाईल हे पोत्यासारखे आधी सांगता येत नाही. उस्ताद सत्तरीतही स्प्रिंग दाबायच्या शिकंज्याला साखळीचा फेरा घालून मगच नट सोडतात.

मात्र तपासणी घरी करता येते. सपाट जागा, सारखी हवा, रिकामी गाडी आणि टेप, एवढे पुरे. रात्री भिंतीपासून पंधरा-वीस फुटांवर गाडी उभी करून दिवे लावावेत. एका दिव्याचा पट्टा दुसऱ्यापेक्षा खाली पडत असेल तर आधी हवा आणि मग उंची मोजावी. आमच्या सोसायटीत मी हा प्रयोग करत असताना शेजारच्या गृहस्थांनी खिडकीतून डोकावून चौकशी केली. त्यांच्याही गाडीची उंची मोजून झाली. ती ठीक निघाली, याचे त्यांना किंचित वाईटच वाटले असावे.

भावाच्या स्प्रिंगा शहरातून आणल्या. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला तेव्हापासून आमचे शहर मोटारींच्या सुट्या भागांचे माहेरघर झाले आहे, त्यामुळे वाट पाहावी लागली नाही. काढलेल्या आणि नव्या अशा चारही स्प्रिंगा उस्तादांनी फरशीवर ओळीने उभ्या केल्या. उजवी जुनी नवीपेक्षा साधारण दोन सेंटीमीटर बुटकी, डावी एका सेंटीमीटरच्या आतबाहेर. मग चाकापाशी साडेतीन सेंटीमीटर कसे भरले? स्प्रिंग आर्मच्या टोकाला नसून मध्याच्या जवळपास टेकलेली असते. तिथला थोडा फरक चाकापाशी वाढून दिसतो, अडकित्त्याच्या पात्याजवळचे आणि मुठीजवळचे अंतर वेगळे असते तसा. तिघांनी तीन कारणे सांगून ज्या गाडीला भंगारात काढली होती, तिचे खरे दुखणे एवढे बोटभर होते.

स्प्रिंगा घातल्या त्या संध्याकाळी माप ५२.५ आणि ५२.४ आले. “अब्बी नक्को अलाइनमेंट,” उस्ताद म्हणाले. नव्या स्प्रिंगा आणि रबरे आपापल्या जागी रुळायला थोडे दिवस लागतात. भावाने त्या आठवड्यात सीताफळांच्या पाच खेपा केल्या, शहरातून परत येताना रिकामी गाडी त्याच फरशीवर उभी करून माप घेतले, आणि मला फोनवर कळवले: दोन्हीकडे ५२. त्यानंतर अलाइनमेंट झाली, आतून झिजलेला टायर बदलला, आणि वहीत हिशेबाच्या पानामागे तारखेसह दोन आकडे लिहिले गेले. पुढचे माप पाडव्याला. टेप मात्र अजून आईला परत मिळालेली नाही, आणि ती दर फोनला विचारते.